त्र्यंबकेश्वरच्या नामावळी : दप्तर म्हणून एक चिकित्सा

महाराष्ट्रात ‘दप्तर’ हा शब्द उच्चारला की अभ्यासकाच्या मनात प्रथम येते ते पुण्याचे पेशवे दप्तर. रियासतकार सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्यातील वेचे पंचेचाळीस भागांत प्रसिद्ध केले आणि तेव्हापासून दप्तर म्हणजे रुमालांत बांधलेले, सरकारच्या कारभारातून निपजलेले आणि सरकारच्याच इमारतीत सांभाळलेले कागद, अशी आपली समजूत दृढ झाली. राजवाड्यांनी ही समजूत आधीच एका बाजूने मोडली होती. १८९८ पासून त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापण्यास आरंभ केला तो घरोघरच्या माळ्यांवरील आणि पेटाऱ्यांतील कागदांच्या बळावर. पण राजवाड्यांची दृष्टी साधने गोळा करणाराची होती. कागद कोणत्या व्यवसायात, कोणत्या गरजेने आणि कोणत्या पद्धतीने लिहिला व सांभाळला गेला, हा प्रश्न त्यांच्या वाटेवर गौण होता. प्रस्तुत लेखात हाच प्रश्न मुख्य धरला आहे, आणि तो त्र्यंबकेश्वरच्या क्षेत्रोपाध्यायांच्या वह्यांना लावून पाहिला आहे.

या वह्यांना नामावळी म्हणतात. ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी कुशावर्तावर स्नानाला, श्राद्धाला किंवा नारायण-नागबलीसारख्या विधीला येणारा यात्रेकरू आपल्या कुळाच्या उपाध्यायाकडे उतरतो. उपाध्याय त्याला गाव व आडनाव विचारतो, वही काढतो, पूर्वजांच्या नोंदी वाचून दाखवतो आणि मागील खेपेनंतर घरात झालेले जन्म, विवाह व मृत्यू विचारून नवी नोंद करतो किंवा यात्रेकरूकडून करवून घेतो. नोंदीखाली मिती, संवत्सर आणि सही येते. लिहिता येत नसेल तर उपाध्याय लिहितो आणि यात्रेकरू निशाणी किंवा अंगठा करतो. वर्षांनुवर्षे हीच कृती होत राहते आणि अशा रीतीने एका घराण्याच्या पाच-सहा पिढ्या एकाच बाडात एकमेकींखाली येऊन बसतात. हे सर्व वाचकांस ठाऊक आहे. त्यातील काहींनी आपल्या आजोबांची सही अशा वहीत पाहिलीही असेल. तथापि ओळखीच्या गोष्टीकडे शास्त्रीय दृष्टीने पाहण्याचे आपल्याकडून बहुधा राहून जाते, आणि या वह्यांच्या बाबतीत तसेच झाले आहे.

ज्यांनी पाहिले त्यांनी मुख्यतः खाण म्हणून पाहिले. १९६६ साली बी. एन. गोस्वामी यांनी तीर्थस्थानच्या पुरोहितांच्या नोंदी सामाजिक व आर्थिक इतिहासाचे साधन म्हणून कशा उपयोगी पडतात याविषयी इंग्रजीत एक निबंध लिहिला, आणि लवकरच, १९६८ साली, त्या साधनाचे फळही दाखविले. पहाडी चित्रकलेच्या शैली संस्थानवार न लावता चित्रकारांच्या घराण्यांप्रमाणे लावाव्या, हा त्यांचा सिद्धान्त हरिद्वारच्या बह्यांतून मिळालेल्या वंशावळीवर उभा आहे. पंडित सेऊ, त्याचे पुत्र मानकू आणि नैनसुख यांचे नाते त्या बह्यांतून निश्चित झाले. भारतीय कलेतिहासात एवढे समर्थ संशोधन क्वचितच झाले असेल. पण त्याच्या यशानेच पुढील अभ्यासकांना एक सवय लागली, की वहीत शिरावे, हवे ते नाव उचलावे आणि बाहेर पडावे. युटा येथील वंशावळसंस्थेने हरिद्वारादी क्षेत्रांच्या बह्यांची सूक्ष्मपटे घेतली तीही नावांसाठीच. वही हा एक संपूर्ण दस्तऐवज आहे, तिला स्वतःची रचना, स्वतःचे हेतू आणि स्वतःचे दोष आहेत, ही गोष्ट या घाईत मागे पडली. हरिद्वारची बही आणि त्र्यंबकची नामावळी यांच्या लेखनपद्धती एकच आहेत असे गृहीत धरणेही मग सोपे झाले.

प्रथम हेतूचा विचार करू. नामावळी इतिहासासाठी लिहिलेली नाही, आणि केवळ कुळाचे स्मरण राहावे म्हणूनही लिहिलेली नाही. ती वृत्तीचा पुरावा आहे. एखाद्या गावाचे वा घराण्याचे उपाध्येपण अमक्याचे आहे, हे वतनासारखेच हक्काचे प्रकरण होते. ते वारशाने येई, भावाभावांत वाटले जाई, गहाण पडे, विकले जाई आणि त्यावरून तंटेही होत. क्षेत्रोपाध्यायांना दिलेल्या जुन्या लेखांत यजमान आपली वंशावळ तर सांगतोच, पण आपल्या कुळातील पुढे जो कोणी क्षेत्री येईल त्याने याच उपाध्यायास मानावे असेही लिहून देतो. म्हणजे नोंदीचे तोंड दुहेरी आहे. वंशावळीचा भाग मागे पाहतो, करारमदाराचा भाग पुढे. ज्या अभ्यासकाने पहिला भाग उतरून घेतला आणि दुसरा ‘नेहमीचा मजकूर’ म्हणून सोडला त्याने, आमच्या मते, दस्तऐवजाचा कणाच टाकून दिला.

दप्तरशास्त्रात सर हिलरी जेन्किन्सन यांनी १९२२ साली दिलेली कसोटी अजून वादविषय आहे. कागद एखाद्या व्यवहाराच्या ओघात निर्माण झालेला असावा, ज्यांचा तो व्यवहार त्यांनीच आपल्या उपयोगासाठी तो सांभाळलेला असावा, आणि त्याचा ताबा अखंड असावा. असे असल्यास तो पुढच्या काळाच्या कोणत्याही मतासाठी रचलेला नसल्यामुळे निःपक्षपाती ठरतो, असे त्यांच्या म्हणण्याचे सार आहे. त्र्यंबकच्या वह्या पहिल्या दोन अटींस पुऱ्या उतरतात. किंबहुना पुष्कळ सरकारी दप्तरांहून अधिक उतरतात, कारण त्या ज्या घरात लिहिल्या गेल्या त्याच घरात आजही वापरल्या जातात. निःपक्षपाताविषयी मात्र थांबून विचार केला पाहिजे. उपाध्यायाचा हितसंबंध नोंदीत उघड आहे. यजमान आपला आहे हे सिद्ध व्हावे, अशी त्याची इच्छा असते. परंतु याच हितसंबंधामुळे त्याला नावे अचूक हवी असतात. पणजोबाचे नाव चुकले तर पणतू ‘हे आमचे घराणे नव्हे’ म्हणून दुसऱ्या दारी जाईल. म्हणून नावांच्या बाबतीत त्याचा स्वार्थ सत्याच्या बाजूने आहे, आणि घराण्याच्या प्रतिष्ठेच्या बाबतीत तो तसा असेलच असे नाही. यजमानाने आपल्या पूर्वजाला सांगितलेली पदवी, मूळ गाव किंवा कुळी उपाध्याय का खोडील? एकाच ओळीतील दोन शब्दांची विश्वसनीयता अशी निराळी असू शकते. जेन्किन्सनची कसोटी सबंध दस्तऐवजाला एकच गुण देते. येथे तो शब्दवार द्यावा लागतो.

स्त्रियांच्या नावांचा प्रश्न यातूनच उभा राहतो, आणि या वह्यांचे सर्वांत मोठे मोल कदाचित येथे आहे. महसुलाच्या दप्तरात स्त्री आढळते ती बहुधा विधवा, वारस किंवा तंट्यातील पक्षकार म्हणून. नामावळीत ती येण्याचे कारण धर्मकृत्याचे आहे. श्राद्धात पिता, पितामह, प्रपितामह यांच्याबरोबर माता, पितामही, प्रपितामही यांचा उच्चार लागतो, आणि मातामहादिकांचाही लागतो. पुरोहिताला ही नावे माहीत असणे ही त्याच्या कामाची गरज होती. त्यामुळे ज्या कुणब्याच्या घरातील बायकांचा उल्लेख अन्य कोणत्याही कागदात सापडण्याचा संभव नाही, त्या घरातील आजी-पणजीचे नाव येथे मिळू शकते. पण हे औदार्य नव्हे, विधीचा हिशेब आहे, हे विसरू नये. स्त्री येथे सून म्हणून शिरते आणि सासरच्या नावाने शिरते; तिचे माहेरचे नाव बहुधा बाहेर राहते. मुलीची तर वंशाच्या ओळीत जागाच नाही; ती दुसऱ्या कुळाच्या पानावर दुसऱ्या नावाने उगवते, आणि हे दोन्ही उल्लेख एकाच व्यक्तीचे आहेत हे वही सांगत नाही. लोकसंख्येच्या इतिहासासाठी या वह्या वापरू इच्छिणाऱ्याने कुटुंबातील मुलांची संख्या त्यांवरून मोजू नये, एवढा इशारा पुरे.

आता लेखनाकडे वळू. जुना भाग मोडीत आहे आणि बोरूने काजळीच्या शाईत लिहिलेला आहे. ही शाई रासायनिक दृष्ट्या अत्यंत निरुपद्रवी. कर्ब उडत नाही आणि कागद खात नाही. हातकागदही, जुन्नरी असो वा दौलताबादी, दीर्घायुषी. उलट गेल्या शतकातील गिरणीच्या आम्लयुक्त कागदावरील नोंदी आधी पिवळ्या व मग ठिसूळ होतात, आणि पाण्यात विरघळणाऱ्या रंगाच्या शाया ओल लागताच पसरतात. त्र्यंबकचा पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला वेगळे सांगणे नको. आषाढ-श्रावणात तेथे भिंतींना घाम येतो. असे असता दोनशे वर्षांची वही वाचता यावी आणि साठ वर्षांची वाचता येऊ नये, हा प्रकार अशक्य नाही. जुने ते जीर्ण या सरसकट समजुतीवर चालणारा कोणताही जतनाचा कार्यक्रम चुकीच्या टोकाने आरंभ करील.

मोडीची अडचण निराळी आहे. मोडीत इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घ भेद नाही, शब्द तोडून लिहिण्याची रीत नाही, आणि नावे सोडवताना संदर्भाचे साहाय्य सर्वांत कमी मिळते. रोजकीर्दीतील वाक्य अडले तर पुढच्या-मागच्या मजकुरावरून सुटते. ‘बिन’ या शब्दाच्या दोहो बाजूंना असलेले विशेषनाम मात्र एकटेच असते. त्यात वहीतील नोंदी एका हाताच्या नाहीत. पेशव्यांच्या फडावरील कारकुनाला वळण होते; यात्रेकरूला स्वतःचे वळण. बाळबोध, मोडी आणि परप्रांतीयांच्या लिप्या एकाच बाडात येऊ शकतात. मोडीवाचनाचे जे वर्ग आज चालतात ते मुख्यतः फडाच्या वळणावर तयार होतात. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर मोडी शाळांतून गेली, आणि उपाध्यायांच्या घरांतही ती वाचणारे हात पिढीगणिक कमी होत आहेत. यजमानाचे पान काढता येते, पण वाचता येत नाही, अशी स्थिती आली की वहीचा दप्तर म्हणून मृत्यू झाला. मग ती केवळ वस्तू उरते.

एक दोष मात्र जतनाच्या उद्योगातूनच निर्माण झाला आहे. वही झिजली की तिची नक्कल करतात. हे काम उपयुक्त आणि प्रामाणिक आहे, पण नक्कल करणारा आपल्या काळाचा माणूस असतो. जुन्या नोंदीत केवळ नाव, बापाचे नाव आणि गाव असेल तेथे तो प्रचलित आडनाव घालतो. शक आणि संवत्सर यांच्या जागी इंग्रजी तारीख लिहितो. जातीचे जुने नाव गैरसोयीचे वाटले तर नवे लिहितो. सहीची नक्कल करताना ती सही उरत नाहीच. भांडारकर संस्थेने महाभारताच्या संहितेसाठी ज्या पाठचिकित्सेचे शास्त्र महाराष्ट्रात रुजविले, आणि ज्याची पद्धती सुकथनकरांनी आदिपर्वाच्या उपोद्घातात १९३३ मध्ये मांडली, तिचा उपयोग अशा वह्यांना करण्याचे कोणाला सुचलेले दिसत नाही. मूळ आणि नक्कल दोन्ही उपलब्ध असतील तेथे दोन्हींची तुलना करून कोणत्या प्रकारचे बदल कोणत्या पिढीत शिरले हे निश्चित करता येईल. संवत्सराचे नाव येथे फार उपयोगी आहे. साठ नावांचे हे चक्र शकाशी जुळले पाहिजे. जुळत नसेल तर नकलेत काहीतरी हलले आहे, किंवा नोंद मागाहून लिहिली आहे. लबाडी पकडण्याचे इतके स्वस्त साधन सरकारी दप्तरातही नेहमी सापडत नाही.

हा प्रश्न केवळ पंडिती राहिलेला नाही. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यातील बत्तिसाव्या कलमाने नातेसंबंधाविषयी मृत व्यक्तीचे विधान काही अटींवर ग्राह्य मानले होते. विधान करणाऱ्यास त्या नात्याची विशेष माहिती असावी आणि तंटा उपस्थित होण्यापूर्वी विधान झालेले असावे, या त्या अटी होत. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली, पण हे तत्त्व कायम आहे. नामावळी दुसऱ्या अटीत उत्तम बसते. पहिलीत बसते की नाही हे नोंद कोणाच्या हातची आहे यावर अवलंबून राहील. यजमानाने स्वतः लिहून सही केली असेल तर विधान त्याचे, आणि आपल्या घराण्याची विशेष माहिती त्याला असणारच. उपाध्यायाने लिहून घेतली असेल तर तो ऐकीव माहिती टिपणारा लेखक ठरतो. आणि नक्कल असेल तर? तेथे नकलकाराचे नाव व काळ माहीत नसल्यास बोलण्यासारखे फारच थोडे उरते. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेल्यापासून कुणबी नोंदींच्या शोधाला राज्यभर वेग आला, मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली, आणि जुन्या कागदातील एका शब्दावर एखाद्या विद्यार्थ्याचा प्रवेश वा नोकरी अवलंबून राहू लागली. अशा वेळी ‘वहीत आहे’ एवढे म्हणून भागत नाही. कोणत्या वहीत, कोणत्या हाताने, मुळात की नकलेत, हे विचारण्याचा अधिकार त्या विद्यार्थ्यालाही आहे आणि त्याच्या प्रतिपक्षालाही.

जतनाच्या गोष्टी निघाल्या की कसर आणि ओल यांचीच चर्चा होते. आमच्या मते याहून खोल अडचण वहीच्या लावणीत आहे. फडाच्या दप्तरात रोजकीर्द तारखेवार असते आणि खतावणी खातेवार. एकीतून दुसरीत नोंद उतरते आणि शोधणाऱ्याला दोन वाटा मिळतात. नामावळीला तारखेची वाट बहुधा नाही. तिची लावणी गावावर आहे, गावाच्या पोटात घराणे, आणि घराण्याच्या पोटात पिढ्या. जो समाज गावाला बांधलेला होता त्याच्यासाठी याहून सुलभ रचना शक्य नव्हती. यात्रेकरूने गावाचे नाव उच्चारताच पान सापडे. आता येणारा यात्रेकरू ठाण्याला किंवा चिंचवडला राहतो. आपले मूळ गाव त्याला ऐकून माहीत असते किंवा तेही नसते. त्याच्या मुलाला ते माहीत नसणार हे जवळजवळ निश्चित. शिवाय एका विधीसाठी दूरध्वनीवरून वेळ ठरवून येणारा यजमान वंशपरंपरेच्या उपाध्यायाकडेच येईल असे नाही; ज्याचा पत्ता मिळाला त्याच्याकडे तो येतो. अशा रीतीने एका घराण्याच्या नोंदी दोन-तीन घरांत विखुरतात, आणि नवी नोंद जुनीला जोडली जात नाही. वही शाबूत आहे, शाई शाबूत आहे, पण किल्ली हरवली. तंत्राच्या कोणत्याही साधनाने ही किल्ली परत मिळणार नाही. ती यजमानाच्या स्मरणात होती.

वह्यांची छायाचित्रे घेऊन संगणकात साठवावीत, अशी सूचना आता सर्वत्र होते आणि ती मुळात योग्य आहे. पण त्यातील दोन धोके उघड केले पाहिजेत. पान वेगळे टिपले की ते बाडातून सुटते. शिवण कोठे आहे, मध्ये किती पाने गेली आहेत, कोणता हात कोणत्या पानापासून सुरू होतो, या गोष्टी प्रतिमेत दिसत नाहीत, आणि वर सांगितलेली सर्व चिकित्सा त्यांवरच अवलंबून आहे. दुसरा धोका मालकीचा. उपाध्याय वही दाखविण्यास कचरतो तेव्हा त्याच्यावर कोतेपणाचा आरोप करण्याची शहरी विद्वानांना सवय आहे. वास्तविक वही ही त्याची उपजीविका आहे, आणि तीतील माहिती तिसऱ्याच्या हाती न देणे हा यजमानाशी त्याचा न बोललेला करार आहे. १९९३ चा सार्वजनिक अभिलेखांचा कायदा केंद्र सरकारच्या कार्यालयांपुरता आहे. खाजगी घरातील वहीवर त्याचा अंमल चालत नाही, आणि चालू नये असेच आमचे मत आहे. वह्या उचलून एखाद्या वस्तुसंग्रहालयात ठेवल्या तर त्या टिकतील, पण त्यांत नवी नोंद होणार नाही. जे दप्तर आजही लिहिले जात आहे त्याला मृत दप्तराचे नियम लावणे ही शास्त्राची मोडतोड आहे. शेलेनबर्ग यांनी १९५६ साली अभिलेखाचे मूळ मूल्य आणि उत्तरकालीन मूल्य असा भेद केला, तेव्हा पहिले संपल्यावर दुसरे सुरू होते असा त्यांच्या विवेचनाचा रोख होता. त्र्यंबकला दोन्ही मूल्ये एकाच पानावर एकाच वेळी नांदतात, हे येथे वेगळेपण आहे.

आपल्या विभागाला यात काय करता येईल? १७५५ ते १७८६ या काळात उभे राहिलेले त्र्यंबकेश्वराचे दगडी मंदिर पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. त्याच्या भोवतीच्या वाड्यांतील कागदांची साधी यादीही कोणा बाहेरच्या माणसाने मागू नये, मालकांच्या संमतीने आणि त्यांच्याच घरी बसून करावी. छायाचित्रणाच्या आधी वहीवार सूची झाली पाहिजे. २०२६-२७ च्या सिंहस्थात उपाध्यायांना उसंत मिळणार नाही, म्हणून हे काम त्याच्या पुढील पावसाळ्यात, यात्रा मंदावल्यावर हाती घेणे सोयीचे. एम. ए. च्या विद्यार्थ्याला मोडीचे प्राथमिक ज्ञान असले तर सूचीपुरते ते पुरेसे आहे. नोंदी वाचण्याचा मोह त्याने पहिल्या वर्षी आवरावा. वहीची लांबी-रुंदी, पानांची संख्या, शिवण, कागदाची जात, गेलेली पाने, हातांची संख्या, पहिला व शेवटचा शक, मूळ की नक्कल, कोणत्या वाटणीत ती या घराकडे आली, कोणत्या गावांची आहे, इतके टिपून घ्यावे. प्रत्येक घराण्यापुढे पुढील पिढ्यांसाठी कोरी जागा सोडलेली असते, तीही मोजावी आणि ती कोणत्या गावाच्या नावाखाली आहे ते लिहावे. कोणत्या गावाची वर्दळ कोणत्या शकाच्या सुमारास थांबली, हे त्या कोऱ्या पानांवरूनच कळण्याजोगे आहे.